पळाले म्हणण्याआधी

चि. मंदार,


‘रोहना’ बोटीवर दोन हजार माणसं मावली कशी, एवढंच विचारून थांबला असतास तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण पुढे लिहिलंस, “देशी खलाशी आधी पळाले, म्हणून इतकी माणसं मेली.” रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्या खलाशी बापूंची नली, म्हणजे नोकरीची वही, ज्याने ट्रंकेतून काढून वाचली, त्याने हे लिहावं?

आधी तुझा प्रश्न. बोट १९२६ची, ब्रिटिश इंडिया कंपनीची. मद्रास-सिंगापूर माल आणि उतारू नेणारी. युद्धात सरकारने ती सैन्यासाठी घेतली. मालाच्या खणांत जेवणाची टेबलं ठोकली, वर झोपायला झोळ्या टांगल्या, झाली सैनिकांची बोट! २५ नोव्हेंबर १९४३ला हिंदुस्थानकडे येणारे अमेरिकन सैनिक घेऊन ती ओरानहून निघाली. दुसऱ्याच दिवशी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने रेडिओने वळवता येणारा बॉम्ब सोडला. तो डाव्या अंगाने इंजिनरूमपाशी घुसला. ११३८ माणसं गेली, त्यांतले १०१५ अमेरिकन सैनिक.

आता खलाशी. बोटीवर कामाला सुमारे १९५ जण, बहुतेक आपल्या देशाचे. त्यांतले निम्म्याहून अधिक मेले. पळणाऱ्यांचा हिशेब असा असतो का रे? काही जण घाबरून आधी उतरले असतील, मी नाही म्हणत नाही. पण लाइफबोटींची सामग्री गंजली होती, असं वाचलेल्या सैनिकांनीच सांगितलं. ती दुरुस्त करून घेणं मालकाचं काम की तुटपुंज्या पगारावरच्या खलाशाचं? बोटीची हकिगत नेहमी ब्रिजवरच्यांना आणि उतारूंना विचारून लिहितात. खाली बॉयलरपाशी राबणाऱ्या आगवाल्याला कुणी विचारलं? त्यात बॉम्बचं गुपित फुटू नये म्हणून सरकारांनी सगळंच दडपलं. मुलगा नेमका कसा गेला, हे तिकडच्या कितीतरी आयांना वर्षानुवर्षं कळलं नाही. मग इकडच्यांना कोण कळवणार? मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये बुडालेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे. इतकी वर्षं मुंबईत काढलीस, एकदा तरी पाय वळला का?

आणि दुसरी गोष्ट. ‘रोहना’वरच्या कित्येकांनी हवेचे पट्टे काखेखाली न बांधता कमरेला बांधले होते, पाण्यात पडताच डोकं खाली, पाय वर. कुणी नीट शिकवलंच नव्हतं. तुझ्या बोटीवर ड्रिल कागदावरच होतं, असं तू आईला हसत सांगितलंस म्हणे. त्यात हसण्यासारखं काय होतं? एडनच्या आखातात २०२४ सालीसुद्धा क्षेपणास्त्राने मालवाहू बोटीवरचे खलाशी मेले, आणि तुझी बोट त्याच वाटेने जाणार! लाइफबोटी खाली सोडायचे डेव्हिट स्वतः फिरवून बघ. हाताखालच्या पोरांचे पट्टे स्वतः तपासून बांध. लाइफबोट पाण्यापर्यंत उतरते का, ते सुएझ यायच्या आत मला कळव. तोवर त्या खलाशांबद्दल एक शब्द बोलू नकोस.

तुझा,
नानाकाका