अर्धा दिसणारा माणूस

रणगाड्याच्या प्रतिकृतीत बुरुजाच्या उघड्या हॅचमधून छातीपर्यंत वर आलेला जो कमांडर आपणांस दिसतो, त्याचा खरेपणा त्याच्या न दिसणाऱ्या पायांवर अवलंबून असतो, असे या छंदात दीर्घकाळ रमल्यानंतरचे माझे ठाम मत आहे. त्याच्या चेहऱ्यावरील छाया, गणवेशाच्या घड्या, कानांवरचे हेडफोन हे सारे आम्ही भिंगाखाली तासन्‌तास रंगवतो. परंतु हा गृहस्थ उभा कशावर आहे, या प्रश्नाची तजवीज बहुधा चिकटद्रवाच्या एका थेंबावर सोपवली जाते, आणि मग त्याचे रंगकाम कितीही सुरेख असले तरी तो बाटलीच्या तोंडात बसवलेल्या बुचासारखा दिसतो.

१:३५ हे प्रमाण तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्यापासून रूढ झाले. आत मोटर आणि विजेचे सेल मावावेत एवढा आकार घेतला गेला आणि तोच पुढे १:३५ भरला. मोटरी कालांतराने गेल्या. पोट मात्र बहुतेक संचांत रिकामेच राहिले, आणि कंबरेखाली सपाट कापलेला कमांडर आजही अनेक पेट्यांतून निघतो.

म्हणून मी आरंभ जमिनीपासून करतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात ५० मिलिमीटरचा होतो, आणि त्याच्या काखेपासून तळव्यापर्यंतचे अंतर सुमारे ३७ मिलिमीटर भरते. हॅचच्या कडेपासून तेवढे अंतर खाली मोजून, अथवा तो आसनावर उभा असेल तर त्या मानाने कमी धरून, मी प्लास्टिकच्या पत्र्याचा एक तुकडा पायांखाली बसवतो. हा तुकडा बुरुजालाच जोडावा, कारण बुरूज फिरला की आतला कमांडरही त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. मग सपाट कापलेल्या कंबरेखाली तांब्याची तार आणि इपॉक्सी पुट्टी यांचे पाय घडवायचे, आणि भार एका पायावर द्यायचा. त्यासरशी कटी कलते, खांदे किंचित तिरपे होतात आणि देहाला वजन येते. कोपरांची कथा याहून नाजूक आहे. कडेवर टेकलेले कोपर प्रत्यक्षात एक मिलिमीटर अधांतरी राहिले, तर खऱ्या मापात ते साडेतीन सेंटिमीटर होतात, आणि हवेवर भार टाकून कोणी विसावत नाही. त्यामुळे रंगकामापूर्वी आकृती तात्पुरती बसवून, समोरून आणि बाजूने पाहून, कोपर व कड यांची गाठ घालून घ्यावी. हेडफोनची तार बारीक तांब्याची करून हॅचच्या आत सोडावी.

यापुढचा अभ्यास ज्या त्या रणगाड्याचा. १९४१ च्या टी-३४ मध्ये बुरुजात दोनच माणसे, कमांडर हाच तोफ चालवणारा, आणि वरचे एकच प्रशस्त झाकण पुढच्या बाजूस बिजागरीवर; उघडले की ते त्याच्या दृष्टीसमोर भिंतीसारखे उभे राही, म्हणून त्याला कडेने झुकूनच पाहावे लागे. अशा बुरुजात ताठ उभा राहून समोर न्याहाळणारा कमांडर वस्तुतः पोलादी पत्र्याकडे पाहत असतो. आरंभीच्या शेर्मनमध्ये गोळे भरणाऱ्या जवानाला स्वतंत्र हॅच नव्हता, सबब त्याच्या बाजूने दुसरे डोके काढण्याची मुभा आपल्याला नाही. सेंच्युरियनमध्ये कमांडर बुरुजात उजवीकडे, त्याच्या पुढ्यात खाली गनर, आणि डावीकडे गोळे भरणारा.

किती वर काढावा हा प्रश्न प्रसंगाचा आहे. कूच चालू असता छाती, कधी कंबरही बाहेर चालते. मारा सुरू झाल्यावर डोळ्यांपुरतेच डोके. याला अपवाद आहेत: १९६७ आणि १९७३ च्या युद्धांत इस्रायली कमांडर सभोवार दिसावे म्हणून हॅच उघडे ठेवून लढले आणि त्यांच्यातले फार मोठ्या संख्येने कामी आले. अशा माणसाची प्रतिकृती करताना बोट रोखून उभा असलेला आवेश मला अनुचित वाटतो. त्याची मान ज्या दिशेला वळली आहे त्या दिशेला खरोखर काही पाहण्याजोगे असावे, एवढे पुरे.

आपल्याकडील ज्या मित्रांना पूना हॉर्सचा सेंच्युरियन करावयाचा आहे, १९६५ च्या सप्टेंबरात फिलौरा येथे जखमी होऊनही रेजिमेंटचे नेतृत्व न सोडणाऱ्या लेफ्टनंट कर्नल तारापोरांच्या पलटणीचा, त्यांना माझी विनंती आहे की संच उघडण्यापूर्वी त्यांनी अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, १९९४ मध्ये स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. तेथे सेंच्युरियन आहे. त्याच्या शेजारी उभे राहून बुरुजाची उंची आपल्या देहाशी ताडून पाहावी, आणि मगच आकृतीला हात घालावा.