पासष्टला अंगात येतं

हिच्याशी ओळख करून घ्यायची तर दाराच्या मुठीला हात लावू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नाही. खिडकीतून हात आत घालून विनवावं लागतं. एरवी ही अठरा वर्षांची पांढरी पिकअप तशी मनमिळाऊ. माहेर अंबडकडच्या मोसंबीच्या बागांतलं, सासर जालन्याचं मार्केट यार्ड. दोन्हीकडे मान आहे.

रिकामी असली की रुसते. फाळका आपटते, पाटे कुरकुरतात, प्रत्येक खड्ड्यावर उडी. क्रेट भरले की मात्र पाटलीणबाईंसारखी संथ, ठाम चाल. वजन जास्त झालं तर तक्रार नाही, उलट मिरवते.

पण खरी गंमत पासष्टची. ताशी साठपर्यंत साळसूद. काटा पासष्टला टेकला की बाईंच्या अंगात येतं. आधी स्टिअरिंग, मग आरसा, मग डॅशबोर्डवरचा राजूरचा गणपती मान डोलवायला लागतो. पंच्याहत्तर ओलांडली की पुन्हा शांत, जसं काही झालंच नाही. ‘जालना, सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. सोन्याचं माहीत नाही, पण पाळणा बघायचा तर हिच्या केबिनमध्ये बसावं.

गावाकडच्या रस्त्यावर हे वर्षानुवर्षं खपून गेलं. तिथे रस्ताच इतका हलवतो की गाडीचा वाटा कोण मोजणार? डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, मालक एकदा हिला घेऊन शिर्डीला निघाले आणि त्या सपाट सिमेंटवर बाईंचं बिंग फुटलं.

मग वैद्य सुरू झाले. एकाने अलाइनमेंट काढलं. (ते बिघडलं तर गाडी एका अंगाला ओढते, टायर एका कडेने खातं, थरथरीला सहसा नावं दुसरीच असतात. पण अलाइनमेंट म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं.) दुसऱ्याने टायरॉड एंड बदलले, तिसऱ्याने शाफ्टचा क्रॉस. नवा पार्ट मिळाला की ही दोन दिवस गप्प राहायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा पासष्ट.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्तरी चाचांकडे नेली. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, “हात थरथरतात की बूड?” हात म्हणजे पुढची चाकं, बूड म्हणजे मागची, नाहीतर शाफ्ट. “ब्रेक दाबला की वाढतं?” नाही. म्हणजे डिस्क निर्दोष सुटली. मग जॅक लावला. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवलं, तो टायरॉडचा तपास. बारा आणि सहावर धरून हलवलं, तो बेअरिंग नि बॉल जॉइंटचा. थोडा खेळ होता, पण वयाला शोभेल इतकाच. चाक हाताने फिरवून कान लावला, घरघर नाही. मग रिमच्या मागच्या बाजूला बोटं घातली आणि हसले.

“मालक, पहले इसे धोके लाव.”

आत काळी माती. मोसंबीच्या आंबे बहाराची तोड ऐन पावसात येते. बागेतून निघताना चाकं चिखल गिळतात, तो रिमच्या आत एका बाजूला बसतो आणि वाळून दगड होतो. टोच्याने खरवडली तेव्हा भाकरीच्या चतकोराएवढी खपली निघाली. तिच्यात मोसंबीचं अख्खं पान. पासष्टच्या वेगाला चाक सेकंदाला आठेक गिरक्या घेतं. रिमला चिकटलेली शंभर ग्रॅम माती तेव्हा जवळजवळ पाच किलोच्या जोराने चाकाला ओढते, तीही क्षणाक्षणाला वेगळ्या दिशेने. पुढच्या सांगाड्याचा स्वतःचा तालही नेमका तोच, म्हणून तिथेच अंगात येतं. वेग वाढला की ताल सुटतो आणि बाई भानावर.

चाकं धुतली, मशीनवर चढवली, रिमच्या कडेला शिशाच्या दोन वड्या ठोकल्या. समृद्धीवर पासष्ट, सहासष्ट, सत्तर. गणपती ढिम्म. मालक खूश व्हायचे, तर म्हणाले, “आता चुकल्या चुकल्यासारखं वाटतंय राव.”

पुढच्याच तोडीला बागेत घोटाभर चिखल होता. येताना काटा पासष्टला टेकला आणि गणपतीने हळूच मान डोलावली.