तात्पर्य नसलेल्या गोष्टी

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..." नांदेड-लातूरकडच्या शाळकरी पोरांना हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येतं. 15 ऑगस्ट असो, 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असो की 26 जानेवारी, सुरुवात हीच. पुढचं भाषण बहुधा गुरुजींनी नाहीतर मोठ्या बहिणीनं लिहून दिलेलं असतं. आवाज कुठे चढवायचा आणि हात कुठे उगारायचा, हेही घटवून घेतलेलं असतं. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणावं, "काल शेतात काय काय झालं ते सांग बरं सगळ्यांना." तो खाली बघतो, शर्टाचं टोक पिळतो आणि म्हणतो, "काहीच नाही झालं, सर."

हा मुलूख मुका नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी रात्र जागवतात. माहूरच्या रेणुकेचे गोंधळी उभ्यानं कथा लावतात. गावोगावच्या सप्ताहात कीर्तनकार तासन्‌तास बोलतो आणि माणसं हलत नाहीत. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांना ऐकायला महाराष्ट्रभर गर्दी व्हायची. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत त्यांना मरण आलं तेही व्यासपीठावर. पण ही सगळी मंचावरची वाणी. बाकावर शेजारी बसणाऱ्या सोबत्यांना आपल्याच घरातली एक गोष्ट सांगणं, ही वेगळी कला आहे. ती शाळेत क्वचितच शिकवली जाते, आणि वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकलेल्या मुलालाच ती सर्वांत अवघड जाते.

अडचणीचं मूळ परिपाठात सापडतं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा. बोधकथा रोज असते, ती रोज दुसऱ्या कुणाची तरी असते आणि तिला शेवटी तात्पर्य असतंच. म्हणून मूल स्वतःचं काही सांगायला लागलं तरी आपसूक तिकडेच वळतं. शेळी हरवली, अंधार पडला, बाप कंदील घेऊन निघाला, माय दारात बसून राहिली, इथवर वर्ग जिवाचा कान करून ऐकत असतो. आणि मग येतं, "यावरून आपल्याला असा बोध मिळतो की आपण आपल्या जबाबदारीत कसूर करू नये." शेळी सापडली की नाही, हे राहूनच जातं. अशा वेळी शिक्षकानं एवढंच विचारावं, "मग शेळीचं काय झालं?" शिकवण्याचा निम्मा भाग या एका प्रश्नात येतो.

साने गुरुजींचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यावंसं वाटतं. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे सर्वांना ठाऊक असतं. पण तिची रचना बोलण्याची आहे, हे सहसा कुणी मुलांच्या लक्षात आणून देत नाही. आश्रमातले मित्र रात्री जमतात, श्याम त्यांना एक आठवण सांगतो, दुसऱ्या दिवशी पुढची. पुस्तकातल्या प्रकरणांना म्हणूनच 'रात्र' म्हटलं आहे, अशा 42 रात्री. एका बैठकीला एकच प्रसंग आणि समोर ओळखीची माणसं. वर्गातल्या गोष्टीला याहून मोठी व्यवस्था लागत नाही.

लातूर जिल्ह्याला तर स्वतःचं सांगण्याची मोठी परंपरा आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' 1979 मध्ये आलं. उदगीर भागातल्या खेड्यांत गेलेलं पोरकं, भुकेलं बालपण त्यात लहान लहान प्रसंगांतून उभं राहतं. लक्ष्मण गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. त्यांचं 'उचल्या' 1987 मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरात शाळेची पाटी पहिल्यांदाच आली, त्यांनी ही पुस्तकं लिहिली. आपल्या घरात सांगण्यासारखं काही घडतच नाही, असं समजणाऱ्या मुलासमोर ही दोन नावं ठेवावीत. ती त्याच्याच जिल्ह्यातली आहेत.

वर्गात मात्र सुरुवात लिहिण्यापासून करू नये. कागद हातात आला की मूल पाठ करतं आणि पाठ केलं की पुन्हा "बालमित्रांनो" सुरू होतं. चिठ्ठीवर फार तर तीन शब्द: जागा, माणूस, वस्तू. वस्तूनं तोंड लवकर उघडतं. ऊसतोडीच्या फडावरून आणलेला कोयता, आजीचा अडकित्ता, पाण्याची घागर. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, 12 एप्रिलला पहिली गाडी सुमारे 5 लाख लिटर घेऊन लातूरला पोहोचली, ही बातमी देशानं वाचली. पण घागरींच्या रांगेत कोणाचं कोणाशी भांडण झालं आणि रात्री दोनला टँकर आल्यावर कोण अनवाणी धावलं, ते लातूरच्या घरांनाच माहीत आहे. घागर समोर ठेवली की ते बाहेर येतं.

भाषेचा प्रश्न नाजूक. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे कितीतरी घरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटला गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरमाटी, शहरात उर्दू. आणि मराठी म्हणावी तर घरची मराठी "मही माय" म्हणणारी, पुस्तकाची "माझी आई" म्हणणारी. गोष्टीच्या मध्यात मुलाचं बोलणं सुधारलं की गोष्ट तिथेच थांबते. ते मूल महिनाभर पुन्हा उभं राहत नाही. माय जे बोलली ते तिच्याच बोलीत येऊ द्यावं. ज्यांना कळलं नाही ते विचारतील, शेजारचा सांगेल. दहावीला भाषेच्या 100 पैकी 20 गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाला आहेत, पण गोष्टीच्या तासाला गुण देऊच नयेत. गुण आले की मुलं गुणांसाठी घडवलेली गोष्ट सांगू लागतात.

सगळ्यात जास्त काळजी किल्लारीच्या बाजूला घ्यावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनानं दमून झोपलेल्या गावांवर दगडमातीच्या भिंती आणि माळवदं कोसळली. हजारो माणसं गेली. आजच्या विद्यार्थ्यांनी तो भूकंप पाहिलेला नाही. आजीनं पाहिला आहे. नातवंडं तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगतात आणि ते खोटंही नसतं, कारण त्या घरात अजूनही दाराजवळ झोपण्याची सवय असू शकते, एखाद्या नावाच्या उल्लेखानं जेवण थांबू शकतं. अशा वेळी मुलाला भूकंप सांगायला लावू नये. आजीला विचारून ये, तिची हरकत नसेल तर सांग, नसेल सांगायचं तर गप्प बसायलाही मुभा आहे, एवढं आधी स्पष्ट असावं. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली त्या घरातल्या लेकराबाबत तर हे दुप्पट लागू. दुःखाची गोष्ट चांगली वठते म्हणून ती ओढून काढणं हा गुन्हा आहे. वर्गात सांगितलेलं शाळेबाहेर न्यायचं नाही, त्यावरून कुणाला चिडवायचं नाही, मोबाईलवर चित्रीकरण करायचं नाही. शिक्षकानंही शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा करायची नाही.

म्हणून आधी ऐकणं शिकवावं लागतं. "मग काय झालं?" हा प्रश्न चालेल. "असं करायला नको होतं" हे चालणार नाही. आणि पहिली गोष्ट शिक्षकाची असावी, तीही पराक्रमाची नको. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक दंगेखोर वर्गाला गोष्टी सांगूनच जवळ करतो. वर्ग शांत बसतो तो धाकानं नव्हे, पुढे काय होणार या ओढीनं. मोठ्या माणसानं आपली भीती, आपलं लहानपणचं रडणं साध्या शब्दांत सांगितलं की पोरांना मोकळीक मिळते. पहिल्याच आठवड्यात सगळे बोलतील अशी अपेक्षा धरू नये. काही मुली दिवाळीपर्यंत फक्त ऐकतात, आणि मग एक दिवस जी सांगतात ती गोष्ट वर्ग वर्षभर विसरत नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियात अकरावी-बारावीची हजारो मुलं खोल्या करून राहतात. घर लांब, नीट-जेईई जवळ. फोनवर आईशी बोलणं होतं ते जेवलास का आणि टेस्टला किती पडले, एवढंच. शेजारच्या कॉटवरचा मुलगा कोणत्या गावचा, हे वर्षअखेरीलाही माहीत नसतं. त्यांनाही रविवारच्या एखाद्या तासाची गरज आहे. लहान वर्गांपेक्षा जास्तच आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे. त्यासाठी नवा तास नको, नवा निधी नको, कुणाची परवानगीही नको. येत्या शनिवारी परिपाठात बोधकथा वाचू नका. त्या पाच मिनिटांत एका मुलाला त्याच्या घरातली गोष्ट सांगू द्या आणि तात्पर्य विचारू नका.