जाकीट मजबूत आहे का?

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. १९९९ साली परभणीपासून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. इथे कुणाचा ना कुणाचा मुलगा, जावई, भाऊ या दलात असतो. बंदोबस्त निघाला की पोरं महिनोन्महिने बाहेर. कधी मुंबई, कधी गडचिरोली. माझा मावसभाऊ दलात आहे. तो गडचिरोलीला निघाला की खाला दुआ करते आणि मला एकच प्रश्न विचारते, "जाकीट मजबूत है ना उसका?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र हो-नाहीत बसत नाही. ते शोधता शोधता मी बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल बरंच वाचलं. पहिली गोष्ट कळली ती ही की, जॅकेट नुसतं मजबूत किंवा कमजोर नसतं. ते कोणत्या गोळीसमोर, किती वेगाच्या आणि किती गोळ्यांसमोर टिकलं, एवढंच सांगता येतं. प्रमाणपत्र म्हणजे या प्रश्नांची लेखी उत्तरं.

जॅकेटचं मऊ कापड पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलची गोळी त्याला भीक घालत नाही. तिच्यासाठी छातीवर आणि पाठीवर कडक प्लेट लागते. बऱ्याच प्लेटांचा दर्शनी थर सिरॅमिकचा असतो. हा थर गोळीचं टोक फोडतो आणि त्यामागचे पॉलिथिलीनचे किंवा अरामिड धाग्यांचे थर तुकडे धरून ठेवतात. म्हणजे सिरॅमिक स्वतः फुटून माणसाला वाचवतं. म्हणूनच एकाच प्लेटवर किती गोळ्यांची चाचणी झाली, हे विचारावं लागतं. अमेरिकेच्या एनआयजेच्या जुन्या मानकात लेव्हल ३ च्या प्लेटवर रायफलच्या सहा गोळ्या झाडत. सर्वात वरच्या लेव्हल ४ साठी चिलखतभेदी एकच गोळी पुरेशी धरली जाई.

गोळी आरपार गेली नाही म्हणून काम संपत नाही. धक्क्याने प्लेट आत दबते. म्हणून चाचणीत तिच्यामागे मातीचा थर ठेवतात आणि त्यात पडलेला खड्डा मोजतात. एनआयजेच्या मानकात त्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७०५१ हे मानक २०१८ साली आलं. त्यात सहा पातळ्या आहेत, सहावी सर्वात वरची. त्यामुळे नुसतं "लेव्हल ४" म्हणणं घोटाळ्याचं आहे. अमेरिकेची चार आणि आपली चार एक नव्हे. अमेरिकेनेही २०२३ मध्ये जुनी नावं बदलून रायफलसाठी आरएफ१, आरएफ२, आरएफ३ अशी नावं आणली. कारण जुन्या लेव्हल ३ च्या काही पॉलिथिलीन प्लेटा मोठी गोळी अडवत, पण पोलादी टोकाची लहान गोळी त्यातून पार होई.

आणखी एक फरक. काही प्लेटा एकट्या पुरतात, काही ठरावीक मऊ जॅकेटबरोबरच पुरतात. दुसऱ्या प्रकारची प्लेट नुसती घातली, तर प्रमाणपत्र खरं असूनही उपयोगाचं नाही. म्हणून लेबल वाचायचं: कोणतं मानक, कोणती पातळी, एकटी की जोडीने, बॅच, बनवल्याची तारीख, आणि गोळीकडे करायची बाजू कोणती. "मानकानुसार चाचणी केलेली" आणि "प्रमाणित" यांतही अंतर आहे. पहिला दावा कंपनी स्वतः करू शकते. दुसऱ्यामागे बाहेरची संस्था उभी असते, आणि तिच्या यादीत ते मॉडेल सापडायला हवं.

वजनाचाही हिशेब आहे. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये 'अभेद' जॅकेट पुढे आणलं, त्याचं किमान वजन पातळीप्रमाणे ८.२ आणि ९.५ किलो. हे हलकं! मराठवाड्याच्या मे महिन्यात एवढं अंगावर घेऊन आठ तास उभं राहून बघा. जड झालं की माणूस ते काढून ठेवतो, आणि काढलेलं जॅकेट कोणत्याच पातळीचं नसतं. वापरातही जपावं लागतं. सिरॅमिकची प्लेट आदळली तर आतली चीर डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसते. पॉलिथिलीनला जास्त उष्णता सोसत नाही.

महाराष्ट्राला हा विषय कळला तो २६ नोव्हेंबर २००८ ला. हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. करकरेंना गोळ्या मानेजवळ, खांद्याच्या भागात लागल्याचं नंतर समोर आलं. कडक प्लेट तिथे नसतेच. ती हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या झाकते, सगळं अंग नाही. पण त्यांचं जॅकेटच गहाळ झालं. कविता करकरेंनी माहिती अधिकारात खरेदीची कागदपत्रं मागितली, तर फाइल सापडत नसल्याचं उत्तर मिळालं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबची रायफल हातांनी धरली. त्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतंच.

जॅकेट घालणाऱ्याला ते तपासता येत नाही. त्याच्यासाठी पहिली चाचणी हीच शेवटची ठरू शकते. म्हणून बनवणारा, तपासणारा आणि विकत घेणारा, तिघांकडे त्याचा जीव अमानत असतो. सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना चिलखतं घडवायला सांगितलं आहे, आणि कड्यांचं माप नीट राखायलाही. मला ही आयत प्रमाणपत्राबद्दलचीच वाटते. उहुदच्या लढाईत पैगंबरांनी एकावर एक दोन चिलखतं घातल्याचं हदीसमध्ये येतं. तवक्कुल त्यांच्याहून कुणाचा मोठा होता? तरी त्यांनी चिलखत टाळलं नाही.

दुआ खालाने करावी, ते तिचं काम आहे. माप विचारण्याचं काम आपलं. जवान शिस्तीत असतो, तो विचारू शकत नाही. करदाता विचारू शकतो, आमदार विचारू शकतो, पत्रकार विचारू शकतो: कोणत्या पातळीचं घेतलं, कुठे तपासलं, कितव्या वर्षी बदलणार? हुतात्म्याच्या पत्नीला हे प्रश्न विचारावे लागले, तर ते फार उशिरा विचारले गेले असं समजावं.