तेल, पाणी आणि ठाण्यातलं घर

गेल्या महिन्यात ठाण्यात भाड्याचं घर बघत होतो. लेकीची नोकरी तिकडे, आणि कल्याणहून रोज सकाळची लोकल पकडताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. एजंटने दोन फ्लॅट दाखवायचं कबूल केलं. कागदपत्रांसाठी पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं. तासाभराने फोन आला. माणूस वाईट नव्हता, ओशाळला होता. म्हणाला, "साहेब, राग मानू नका. सोसायटीवाले म्हणतात, तेल आणि पाणी एकत्र राहत नाही."

अशा उत्तरांची सवय झाली आहे. रात्री जेवताना हसतच सांगितलं. लेक हसली नाही. तेल आणि पाणी एकाच पाइपमधून कसं वाहील याचा हिशेब करणं हेच तिचं काम. म्हणाली, "अब्बा, हे बाटलीतलं झालं. पाइपमध्ये तसं नसतं."

मग तिने समजावलं. तेलाच्या विहिरीतून पाणीही येतं, आणि विहीर जुनी होते तसं ते वाढत जातं. आपल्या मुंबई हायचंच बघा. १९७४ साली तेल सापडलं, १९७६ साली उत्पादन सुरू झालं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात. तेलातलं बरंचसं पाणी फलाटावर वेगळं काढतात, पण विहिरीपासून तिथपर्यंत दोघांचा प्रवास एकाच पाइपातून होतो.

हा प्रवास कसा होईल, हे आधी सांगावं लागतं. वेग कमी असेल तर पाणी तळाशी, तेल वर, असे दोन थर होतात. वेग वाढला की मधल्या रेषेवर लाटा उठतात, थेंब सुटतात. आणखी वाढला की एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात पसरतात. १९९७ साली अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी आडव्या पाइपमधल्या अशा प्रवाहाचे सहा प्रकार मांडले. कुठला प्रकार होईल हे वेग, दोघांचं प्रमाण, तेलाचा दाटपणा, पाइपचा व्यास, चढ-उतार अशा अनेक गोष्टींवर ठरतं. अंदाज चुकला तर पंप कमी पडतो.

मी विचारलं, "मग वेगळे थर राहिलेलेच बरे ना?"

"नाही. धोका तिथेच असतो. वेग मंद असला की पाणी खोलगट जागी साचतं. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून ते आम्लधर्मी होतं आणि पाइपचं पोलाद तळातून कुरतडतं. म्हणून वेग फार कमी होऊ द्यायचा नाही. उलट फारच घुसळलं तर दाट मिश्रण होतं, ते ढकलायला जोर लागतो आणि नंतर वेगळं करायला त्रास. मधलं काहीतरी साधायचं असतं."

मला एक गोष्ट फार आवडली. एवढा हिशेब करताना तेलाने तेलपण सोडावं, पाण्याने पाणीपण सोडावं, अशी अट कुणी घालत नाही. शेवटपर्यंत तेल तेलच, पाणी पाणीच. आणि नुसती घनता सांगून "यांचं जमणार नाही" असं म्हणणाऱ्या इंजिनीअरला कुणी कामावर ठेवणार नाही.

सोसायटीने आमच्याबद्दलचा अंदाज एकाच माहितीवरून बांधला. नाव. आम्ही भाडं वेळेवर देतो का, जिन्यात चपलांचा पसारा घालतो का, शेजारी आजारी पडला तर धावतो का, काही विचारलं नाही.

माणसं म्हणजे द्रव नव्हेत, हे मलाही कळतं. उपमा ताणू नये. पण ही उपमा मी काढली नव्हती. ज्यांनी काढली त्यांनी निदान ती पुरती तपासायला हवी होती.

रविवारी आणखी एक घर बघायचं आहे. या वेळी फोनवरच पूर्ण नाव सांगणार आहे. लेक म्हणते, "सांगा अब्बा, पण पुढचे प्रश्नही विचारायला लावा."