उलाळ

बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जुपण्यांचा फास बसतो. आमच्या वाळवा तालुक्यात म्हणतात, गाडी उलाळ झाली. उलट पुढं भार जास्त झाला, तर तो सगळा बैलांच्या खांद्यावर बसतो. ऊस भरून झाला की वडील खाली उतरत आणि बैल जुंपायच्या आधी जू दोन्ही हातांनी उचलून बघत. अलगद वर आलं तर वाईट, हललंच नाही तरी वाईट. मग चार मोळ्या काढून पुन्हा रचायच्या. कारखान्यावर नंबर लावायची घाई असे, अंधार पडत आलेला असे, आणि हे काय करत बसलेत असं मला वाटायचं.

१९८४ च्या हंगामात वडील तापानं पडले होते. आठवडाभर गाडी मी भरली. रोज चार मोळ्या जास्त, आणि त्याही पुढं, कारण पुढं रचायला सोपं जायचं. आठव्या दिवशी आमच्या खिलाराचा खांदा आला. मानेवर नारळाएवढी सूज, हात लावला की सगळं अंग थरथरायचं. वडील अंथरुणातून उठून गोठ्यात आले. मला काही बोलले नाहीत. हळदीचा लेप लावून घेतला आणि गळीत हंगाम ऐन भरात असताना गाडी पंधरा दिवस बंद ठेवली. आमचा ऊस त्या वर्षी उशिरा गेला, वजनात घट आली. त्याबद्दलही ते कधी बोलले नाहीत. आषाढात बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकून त्याला तूप-हळद चोळतात. त्या वर्षी वडिलांनी तुपाची वाटी माझ्या हातात दिली.

पुढं १९९१ मध्ये जुना ट्रॅक्टर घेतला आणि बैल गेले. पण उलाळ काही गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकाला पिन घालून अडकवला की पुढचा भार त्या हुकावर बसतो. तो बेताबाहेर गेला आणि वर चढण लागली, की ट्रॅक्टरचीच पुढची चाकं जमीन सोडतात आणि स्टीअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. हंगामात आमच्या रस्त्यांवर बंपरवर दगड बांधलेले, बॉनेटवर माणसं बसवलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत. इंजिनात ताकद असते हो, ओढ कमी नसते. पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

हे सगळं २०१९ मध्ये, घरापासून तेरा-चौदा हजार किलोमीटर दूर, मिशिगनमध्ये एका जुन्या पिकअपच्या उघड्या दाराशी उभा असताना आठवलं.

मुलांना घेऊन तळ्याकाठी राहायला म्हणून आम्ही एक ट्रेलर घेतला होता. चाकांवरची खोलीच ती. सामानासकट वजन ६,००० पौंड, म्हणजे साधारण २,७०० किलो. ती ओढायला पिकअप हवी होती आणि नवी परवडणारी नव्हती. विकणारे सगळे एकच आकडा सांगत: ही ९,००० ओढते, ती १०,००० ओढते. आकडा खोटा नसतो, पण तो ओढीचा असतो. ट्रेलरची पुढची जीभ पिकअपच्या मागच्या गोळ्यावर टेकते, आणि ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्या जिभेवर असावाच लागतो. दहाच्या खाली गेला तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडं हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही फरफटत नेतो. हीच उलाळ. फार वाढला तर पिकअपचा मागचा भाग खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात, ब्रेक आणि वळण दोन्ही ढिले पडतात.

तो भार पिकअपला पेलतो की नाही, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या एका कागदावर लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर छापलेलं असतं. जिभेचा भारही त्यातच धरायचा. मी पाहिलेल्या दोन फोर्ड एफ-१५० एकाच वर्षाच्या, २०१६ च्या. झकपक होती तिच्यावर १,२९० आणि साधी होती तिच्यावर १,८१०. काचेचं छत, गुबगुबीत खुर्च्या, मोठी चाकं, ही सगळी चैन त्या आकड्यातून वजा होत असते. आमचा हिशोब असा: जिभेचा भार ७२०, जोडणीच्या लोखंडाचे ८०, आम्ही चौघं ६२०, सामान १५०. झाले १,५७०. झकपक गाडी तिथंच बाद झाली.

वडील वडगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले की दात बघत, चालवून बघत आणि शेवटी डोळे मिटल्यासारखं करून मानेवरून तळवा फिरवत. जुनी गाठ कातडीखाली हाताला लागते. मी पिकअपखाली पाठीवर झोपलो. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड खातं. एफ-१५० चं अंग २०१५ पासून ॲल्युमिनियमचं आहे, वरून चकचकीत दिसतं, पण सांगाडा पोलादाचाच. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी पाहिलेल्या पिकअपच्या सांगाड्याला नवाकोरा काळा रंग दिला होता. पान्यानं ठोकलं तर पापुद्रा गळून पडला आणि आत बोट गेलं. या गाडीवर तांबूस गंज होता, पण ठोकलं की टणटण वाजत होतं. हिचच्या चौकोनी नळीत घासल्याच्या खुणा होत्या, म्हणजे तिनं ओझं ओढलेलं होतं. गिअरबॉक्सचं तेल मात्र जळकट वासाचं नव्हतं. घेतली.

पहिल्या प्रवासाआधी ट्रेलरचा शिपाई खाली सोडला. इथं त्याला जॅक म्हणतात, पण गाडीच्या दांडीखाली टेकू देणारा तो आमचा शिपाईच. जीभ गोळ्यावर बसवली, दोन्ही साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या, म्हणजे जोड सुटलाच तरी जीभ रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडेल. मग ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जाऊन भार मोजला: ७४० पौंड. पाण्याची टाकी पुढं होती, ती रिकामी करून निघालो.

जुनी पिकअप घ्यायला जाल तर विकणाऱ्यानं सांगितलेली ओढ ऐकून घ्या, पण सही करायच्या आधी दार उघडून चौकटीवरचा आकडा वाचा. घरच्या माणसांची वजनं आधीच लिहून न्या.

त्या लोखंडी गोळ्याला ग्रीस लावावं लागतं, नाहीतर तो झिजतो. मी ते वर्षातून बऱ्याचदा लावतो. एकदा मात्र दिवस ठरलेला असतो, बेंदराच्या आदल्या संध्याकाळचा. त्या दिवशी ग्रीसचा डबा मुलाच्या हातात देतो.