सात त्रेचाळीस आणि ‘आलोच’

मी डोंबिवलीचा. म्हणजे अस्सल मुंबईकर मला मुंबईकर मानत नाहीत आणि पुण्यात मात्र हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी माझं नाव ‘मुंबई’ पडलं. चार वर्षं झाली, चिकटलंय ते चिकटलंयच.

आमच्या घरात वेळ मिनिटात मोजतात. बाबांची ७.४३ ची फास्ट. पावणेआठ नाही, सात त्रेचाळीस! ती हुकली की गाडीतला ग्रुप हुकला, आणि ठाण्यानंतर मिळणारी चौथी सीटही (म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकवलेलं अर्धं अंग). जाऊन येऊन तीन तास, गेली पंचवीस वर्षं. इथे रूममेट ‘आलोच’ म्हणतो, अर्ध्या तासाने उगवतो, आणि कोणाचं काही बिघडत नाही. फर्स्ट इयरला माझं डोकं फिरायचं. आता मीही ‘आलोच’ म्हणतो.

पण पुण्यात ज्याच्याकडे गाडी नाही, त्याचे हाल विचारू नका. २०२२ पासून मेट्रो आली खरी, तरी पुढे कोणाची तरी डबलसीट शोधावीच लागते. मुंबईत खिशात पास असला की झालं. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे दुःख तर आपण सगळे जाणताच!

पूर मात्र दोन्हीकडे. आमच्याकडे ‘सव्वीस जुलै’ म्हटलं की साल सांगावं लागत नाही. २००५ मध्ये सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बाबा रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. मी तेव्हा आठ महिन्यांचा. रूममेटची आजी तसंच नुसतं ‘पानशेत’ म्हणते. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, त्यात त्यांचं नदीकाठचं घर गेलं. मी बाबांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, “पायाला काही लागलं नाही ना रे त्यांच्या?” वीस वर्षांनी!

आता प्लेसमेंट झालंय. लोकेशन मुंबई की पुणे, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आईचं एकच, घरी ये. बाबांना फोन केला.

“मुंबईचं ऑफिस कुठे?”

“अंधेरी.”

“म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो. माझ्याच गाडीत चढशील.” मग थोडं थांबून, “आणि पुण्यातलं किती लांब?”

“सायकलने वीस मिनिटं.”

बराच वेळ काही बोललेच नाहीत.

“बरं,” म्हणाले, “जेवलास का?”